रायबंदर-चोडणची फेरीबोट गेम बॉयवर कशी चालवायची

निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. त्या पुढच्या वर्षांत गोव्यातल्या मुलांच्या हाती बहुधा विटा रचण्याचा स्वस्त ‘ब्रिक गेम’ दिसे. खरा गेम बॉय ज्या थोड्या घरांत पोहोचला, तो आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या कोणा मामा-काकांच्या बॅगेतून. दोन्ही यंत्रे हातात मावणारी, दोन्ही एकरंगी पडद्याची. पण त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. ब्रिक गेमचा प्रोग्राम आतल्या काळ्या गोळ्याखालच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो आणि तो बदलता येत नाही. गेम बॉय मात्र आपला प्रोग्राम मागे खोचलेल्या कार्ट्रिजमधून घेतो, आणि तो प्रोग्राम कंपनीने लिहिला की फोंड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने, याने त्याच्या प्रोसेसरला काहीही फरक पडत नाही. जगभरातले हौशी प्रोग्रामर आज पस्तीस वर्षांनंतरही या यंत्रासाठी नवे गेम लिहीत आहेत, ते या सोयीच्या बळावर.

हे काम नेमके कसे चालते, हे समजावून देण्यासाठी आपण एक लहानसा गेम डोळ्यांसमोर ठेवू. मांडवीच्या एका काठावर रायबंदरचा धक्का, दुसऱ्या काठावर चोडण, मधे पाणी आणि त्यावरून जाणारी फेरीबोट. खेळणाऱ्याने बाणांची बटणे दाबून बोट पलीकडच्या धक्क्याला नीट लावायची, एवढाच खेळ. आजच्या फोनवर असा गेम करायचा झाला तर आपण तयार साधनांना ‘येथे हे चित्र दाखव’ असे सांगून मोकळे होतो, आणि चित्र पडद्यावर उमटेपर्यंत मधल्या किती थरांतून ती आज्ञा गेली हे आपल्याला कधीच कळत नाही. गेम बॉयवर असे थरच नाहीत. तेथे ऑपरेटिंग सिस्टिम नाही, फाइली नाहीत, चित्र काढून देणारा कोणी मध्यस्थ नाही. आपण मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर ठरावीक आकडा लिहितो आणि पडद्यावर बदल होतो. प्रोग्रामिंग शिकायला याहून चांगले यंत्र मला माहीत नाही, कारण एका माणसाला ते संपूर्ण समजू शकते, आणि संपूर्ण समजलेल्या यंत्राकडून काम करून घेण्याची मजा निराळीच असते.

आधी त्याची ऐपत पाहू. प्रोसेसर आठ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक, आणि आठ बिटांचा एक बाइट), त्याच्या घड्याळाचा वेग सेकंदाला सुमारे ४२ लाख ठोके. कामाची मेमरी ८ किलोबाइट आणि चित्रांसाठी वेगळी मेमरी आणखी ८ किलोबाइट. पडदा १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच, आणि प्रत्येक ठिपक्याला फक्त चार छटा. हा लेख साधा मजकूर म्हणून संगणकावर जतन केला तरी तो गेम बॉयच्या कामाच्या मेमरीत मावणार नाही. इतक्या कमी साधनांत हलती चित्रे दाखवता येतात, याचे कारण हे यंत्र पडद्यावरचा प्रत्येक ठिपका वेगळा लक्षात ठेवतच नाही.

त्याची पद्धत जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्यासारखी आहे. जुळारी प्रत्येक पानासाठी नवी अक्षरे कोरत नसे. तयार खिळ्यांतून हवा तो खिळा उचलून तो ओळीत बसवीत असे. गेम बॉयमध्ये हा खिळा म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांची टाइल. चार छटा सांगायला दोन बिट लागतात, म्हणून एका टाइलच्या ६४ ठिपक्यांना १२८ बिट, म्हणजे १६ बाइट लागतात. चित्रांच्या मेमरीत अशा ३८४ टाइल मावतात, त्यांचे ६,१४४ बाइट होतात, आणि उरलेल्या २,०४८ बाइटांत दोन नकाशे बसतात. प्रत्येक नकाशा ३२ बाय ३२ घरांचा असून त्याच्या प्रत्येक घरात ‘येथे अमुक क्रमांकाची टाइल’ एवढा एकच बाइट लिहिलेला असतो. अशा रीतीने ८ किलोबाइटांचा हिशेब शेवटच्या बाइटपर्यंत जुळतो. मांडवीचे पाणी दाखवायला आपल्याला पाण्याच्या दोन-तीन टाइल पुरतात. त्याच पुन्हा पुन्हा मांडल्या की नदी तयार होते.

एक टाइल प्रत्यक्ष कशी लिहितात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, पाण्यावरच्या तरंगाची एक आडवी ओळ आपल्याला अशी हवी आहे की कडेला फिकट, मधे गडद आणि पुन्हा कडेला फिकट. फिकट छटेला शून्य आणि सर्वांत गडद छटेला तीन म्हटले, तर डावीकडून उजवीकडे आठ ठिपके ०, १, २, ३, ३, २, १, ० असे होतात. आता प्रत्येक आकड्याचे दोन बिट सुटे करायचे. खालचे बिट एका ओळीत मांडले की ०१०११०१० मिळते, वरचे बिट मांडले की ००११११०० मिळते. नेहमीच्या दशमान पद्धतीत हे अनुक्रमे ९० आणि ६०. म्हणजे मेमरीत ९० आणि त्याच्या पाठोपाठ ६० असे दोन बाइट लिहिले की तरंगाची एक ओळ झाली; अशा आठ ओळी लिहिल्या की टाइल पूर्ण. आज हे काम चित्र काढायच्या प्रोग्रामकडून करून घेता येते आणि सगळे तसेच करतात. तरीही पहिली एक टाइल कागदावर चौकटी आखून, बिट मांडून, आकडे स्वतः काढून लिहावी असे मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. आकड्यांतून चित्र कसे निघते, हे एकदा हाताला कळले की पुढची बरीच पुस्तके वाचावी लागत नाहीत.

नकाशा पडद्यापेक्षा मोठा असतो. ३२ टाइल म्हणजे २५६ ठिपके, आणि पडदा त्यातला १६० बाय १४४ ठिपक्यांचाच तुकडा दाखवतो. कोणता तुकडा दाखवायचा, हे दोन रजिस्टरांत, म्हणजे यंत्राने ठरावीक कामासाठी राखलेल्या पत्त्यांवर, लिहिलेल्या दोन आकड्यांवर ठरते. आडवा आकडा एकेक करून वाढवला की सगळे दृश्य सरकू लागते, आणि उजवी कड संपल्यावर नकाशा पुन्हा डावीकडून सुरू होतो. पण आपल्याला फक्त नदी वाहायला हवी आहे; वरचे आकाश आणि चोडणची झाडी जागच्या जागी राहिली पाहिजे. येथे या छंदातली पहिली खरी युक्ती भेटते. पडदा वरून खाली एकेक ओळ करून रंगवला जातो, आणि ‘अमुक ओळीवर पोहोचलास की मला कळव’ असे यंत्राला सांगून ठेवता येते. आपण ७२व्या ओळीचे नाव सांगून ठेवतो. तेथे पोहोचताच प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, सरकवण्याचा आकडा बदलतो आणि परत आपल्या कामाला लागतो. वरची झाडी स्थिर, खालचे पाणी वाहते. एकही जास्तीची टाइल लागलेली नाही. प्रत्येक ओळीला थोडा वेगळा आकडा दिला तर पाण्यावर हेलकावेसुद्धा येतात.

पडदा ओळीओळीने रंगवला जातो, या गोष्टीचा जाचही तितकाच आहे. एका दृश्याच्या १५४ ओळी मोजल्या जातात, त्यांतल्या १४४ दिसतात आणि शेवटच्या १० ओळींच्या वेळात यंत्र काहीच रंगवत नाही. पडद्याचा भाग एखादी ओळ प्रत्यक्ष रंगवत असतो तेव्हा चित्रांची मेमरी त्याच्या ताब्यात असते, आणि त्या वेळी प्रोसेसरने तेथे काही लिहायचा प्रयत्न केला तर ते लिखाण सरळ वाया जाते. चूक दाखवणारा संदेश येत नाही, यंत्र थांबत नाही. फक्त धक्क्याची एक टाइल जागेवर येत नाही, किंवा बोटीच्या तिकिटाचा आकडा अर्धवट बदलतो. म्हणून मोठे बदल त्या १० ओळींच्या मोकळ्या वेळात उरकायचे असतात. हा वेळ साधारण १.१ मिलिसेकंद, म्हणजे प्रोसेसरच्या १,१४० पावलांएवढा (घड्याळाच्या चार ठोक्यांचे एक पाऊल). पूर्ण दृश्यासाठी १७,५५६ पावले मिळतात आणि अशी जवळजवळ साठ दृश्ये दर सेकंदाला होतात. आपला प्रोग्राम किती पावले खातो, हे या छंदात माणसे खरोखर मोजतात, आणि दोन पावले वाचली याचा आनंद इतरांना समजावून सांगणे अवघड जाते.

नदी झाली, आता बोट. हलणाऱ्या वस्तूंसाठी स्प्राइट नावाची वेगळी सोय आहे. स्प्राइट म्हणजे पार्श्वभूमीवर कोठेही ठेवता येणारी टाइल. तिच्यासाठी चार बाइट लागतात: उभी जागा, आडवी जागा, टाइलचा क्रमांक आणि ती उलटी किंवा आरशातल्यासारखी दाखवायची का, याची खूण. असे ४० स्प्राइट एका वेळी ठेवता येतात. आपली फेरीबोट ३२ ठिपके लांब आणि १६ ठिपके उंच असेल तर तिला आठ टाइल, म्हणजे आठ स्प्राइट लागतील. चाळिसांत आठ काही जास्त नाहीत, असे वाटते खरे. पण आणखी एक अट आहे. एका आडव्या ओळीवर दहापेक्षा जास्त स्प्राइट दिसत नाहीत. एका बोटीचे एका ओळीवर चार तुकडे येतात. दोन बोटी एकाच रांगेत आल्या की आठ झाले. तिसरी बोट त्याच रांगेत आली की बारा होतात, आणि यादीत शेवटी असलेल्या दोन तुकड्यांना जागा उरत नाही. तिसरी बोट अर्धी कापल्यासारखी दिसू लागते.

यावर अनुभवी माणसे दोन उपाय करतात. धक्क्याला लागलेली, न हलणारी बोट स्प्राइट म्हणून न ठेवता पार्श्वभूमीच्या टाइलांतच काढायची, आणि ती सुटण्याच्या क्षणी तिला स्प्राइटांत बदलायची. पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही. दुसरा उपाय असा की प्रत्येक दृश्याला यादीचा क्रम फिरवत राहायचे, म्हणजे एकच बोट कायमची कापली न जाता सगळ्या बोटी आळीपाळीने किंचित लुकलुकतात. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रे लुकलुकत असत, त्याचे कारण पुष्कळदा हेच होते.

बटणांची गोष्ट लहान, पण गमतीची आहे. आठ बटणांसाठी यंत्रात आठ तारा नाहीत. एका पत्त्यावर आधी ‘मला बाणांची बटणे पाहायची आहेत’ असे लिहायचे आणि चार बिट वाचायचे; मग ‘आता उरलेली चार’ असे लिहून पुन्हा तेच चार बिट वाचायचे. शिवाय दाबलेले बटण एक नव्हे तर शून्य दाखवते, त्यामुळे नवख्याची बोट पहिल्यांदा कोणी हात न लावता चालू लागते आणि बटण दाबले की थांबते. आवाजासाठी चार मार्ग आहेत. बोटीच्या भोंग्याला चौकोनी लहरींचा एक मार्ग पुरतो आणि इंजिनाच्या घरघरीला खरखर काढणारा मार्ग अगदी योग्य आहे.

मराठी प्रोग्रामरपुढे येथे एक प्रश्न उभा राहतो, जो इंग्रजीत गेम करणाऱ्याला पडत नाही. पडद्यावर ‘फेरीबोट सुटली’ एवढे दोन शब्द दाखवायचे आहेत. रोमन अक्षर आठ बाय आठच्या एका टाइलमध्ये आरामात बसते, त्यामुळे एका अक्षराला एक टाइल असा सरळ हिशेब करता येतो. देवनागरीत उभ्या आठ ओळींपैकी एक ओळ शिरोरेषा घेते, वरच्या मात्रांना आणि वेलांट्यांना निदान दोन ओळी हव्यात, ‘सु’च्या उकाराला खाली आणखी दोन, अक्षराच्या अंगाला उरतात तीन. तीन ओळींत ‘प’ आणि ‘ष’ वेगळे दाखवणे कोणालाच जमणार नाही. म्हणून देवनागरीची ओळ सोळा ठिपके उंच, म्हणजे दोन टाइलांची करावी लागते. रुंदीचाही प्रश्न आहे: ‘र’ अरुंद, ‘फ’ रुंद, आणि शिरोरेषा मधे न तुटता सलग गेली पाहिजे, त्यामुळे प्रत्येक अक्षराला ठरावीक आठ ठिपके देऊन चालत नाही. जोडाक्षरे आणि अक्षराच्या आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी यांचा विचार तर अजून केलेलाच नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पूर्ण वाक्य संगणकावर चित्र म्हणून तयार करून त्याच्या टाइल पाडणे. पडद्याची पूर्ण रुंदी वीस टाइलांची. दोन ओळींच्या चाळीस टाइल झाल्या, म्हणजे एका वाक्याला ६४० बाइट. साध्या कार्ट्रिजमध्ये सगळी मिळून ३२ किलोबाइट जागा असते, तेव्हा अशी ५१ वाक्ये ठेवली की कार्ट्रिज भरले, आणि बोट चालवायला जागाच उरली नाही. अक्षराला चार छटांची गरज नसते, काळे-पांढरे पुरते; म्हणून वाक्ये एकाच बिटात साठवून दाखवताना दोन बिटांची केली की जागा निम्मी लागते. पुढची पायरी म्हणजे अक्षरांचे तुकडे साठवून यंत्रावरच ओळ जुळवणारा प्रोग्राम लिहिणे. ते कष्टाचे काम आहे, पण अशक्य मुळीच नाही, आणि मराठीतून गेम करू पाहणाऱ्या कोणी ते एकदा नीट करून सर्वांसाठी खुले ठेवले तर फार बरे होईल.

जागा वाढवण्याची कंपनीची स्वतःची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. प्रोसेसरला एकूण ६५,५३६ पत्तेच ओळखता येतात आणि त्यांतले निम्मेच कार्ट्रिजच्या प्रोग्रामसाठी राखलेले आहेत. मोठ्या गेमसाठी कार्ट्रिजमध्येच एक जास्तीची चिप बसवतात. पहिले १६ किलोबाइट कायम दिसतात, पुढच्या १६ किलोबाइटांच्या खिडकीतून हवा तो भाग आळीपाळीने दाखवला जातो. हा भाग बदलायची आज्ञा कशी द्यायची? ज्या मेमरीत लिहिताच येत नाही, तिच्याच पत्त्यावर एक आकडा लिहायचा. मेमरी तो आकडा घेत नाही, पण मधली चिप तो ऐकते आणि खिडकी सरकवते. या मार्गाने कार्ट्रिज ८ मेगाबाइटपर्यंत वाढवता येते. आपल्या पन्नास वाक्यांचा प्रश्न तेथे सुटतो.

येथपर्यंत कोठेही कुलूप आडवे आले नाही. गेम बॉयला एक कुलूप होते, पण ते तांत्रिक कमी आणि कायदेशीर जास्त होते. यंत्र सुरू करताच त्याच्या पोटातला २५६ बाइटांचा एक प्रोग्राम चालतो. तो कार्ट्रिजमधून ४८ बाइट वाचून निन्टेन्डोचे बोधचिन्ह पडद्यावर वरून खाली आणतो, आणि मग तेच ४८ बाइट स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. एक बाइट जरी चुकला तरी यंत्र तेथेच थांबते. कार्ट्रिज न घालता गेम बॉय सुरू केला तर बोधचिन्हाच्या जागी काळी पट्टी उतरते, आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कार्ट्रिजचे पत्रे काळवंडले की बोधचिन्ह फाटल्यासारखे दिसून गाडी अडते, ती याच तपासणीमुळे. अशा वेळी पत्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय ओलावा वाढवते. तपासणीमागचा हेतू असा की विनापरवाना कार्ट्रिज विकणाऱ्याला कंपनीचे बोधचिन्ह नकलणे भाग पडावे आणि मग त्याच्यावर बोधचिन्हाच्या चोरीचा दावा लावता यावा. सेगा कंपनीने आपल्या यंत्रात अशीच योजना केली होती. पण १९९२ साली अमेरिकेतल्या अपिली न्यायालयाने सेगाच्या परवान्याविना तिच्या यंत्रासाठी गेम काढणाऱ्या अ‍ॅकोलेड कंपनीच्या बाजूने निकाल देताना, यंत्राशी जुळवून घेण्यापुरते त्याचे उलट विश्लेषण करणे, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधणे, वैध ठरवले. गेम बॉयच्या पोटातले ते २५६ बाइट मात्र प्रोसेसरला वाचता येत नाहीत, कारण काम संपताच ते स्वतःला झाकून घेतात. २००३ साली एका छांदिष्टाने चिपचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरचे २,०४८ बिट डोळ्यांनी वाचून काढले. चिकाटी म्हणतात ती ही.

नंतरच्या यंत्रांना मात्र खरी कुलुपे आली. कंपनी आपल्या प्रत्येक प्रोग्रामवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करते, आणि सही जुळली नाही तर यंत्र प्रोग्राम चालवत नाही. सही खोटी करणे सहसा जमत नाही. म्हणून हॅकर सहीच्या वाटेला न जाता, आधीच सही झालेल्या एखाद्या प्रोग्राममधली चूक शोधतात. ही चूक पुष्कळदा एकाच जातीची असते: बाहेरून आलेली माहिती किती लांब आहे हे न मोजता ती ठरावीक जागेत ओतली जाते, जादा माहिती शेजारच्या जागेवर सांडते, आणि त्या शेजारच्या जागेत ‘यानंतर कोठे जायचे’ हा पत्ता असतो. सांडणारे बाइट विचारपूर्वक निवडले, तर यंत्र आपण सांगू तेथे जाते. सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या गेम यंत्राची २.०० क्रमांकाची प्रणाली २००५ साली टिफ प्रकारच्या एका चित्र-फाइलने अशीच उघडली. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या तशाच यंत्राला २०१४ साली ‘क्यूबिक निन्जा’ या फारशा कोणाला आठवणीतही नसलेल्या गेमने दार दिले. त्यात खेळाडूंनी बनवलेले टप्पे क्यूआर कोडमधून घेता येत, आणि कोडमधली माहिती गेम पुरेशी तपासत नसे. बातमी फुटताच त्या जुन्या गेमच्या किमती कडाडल्या.

२०१८ साली निन्टेन्डो स्विचमध्ये सापडलेली चूक सर्वांत खोल होती. दुरुस्तीसाठी यंत्र यूएसबीने जोडले असता, ‘किती बाइट पाठव’ हा आकडा यंत्र समोरच्यावर विश्वास ठेवून मान्य करीत असे, आणि ६५,५३५ बाइटांपर्यंतची माहिती स्वतःच्या कामाच्या मेमरीवर ओतून घेत असे. हा प्रोग्राम चिपमध्येच कायमचा कोरलेला, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत अपडेट पाठवून ती चूक बुजवणे कंपनीलाही शक्य नव्हते. पुढे बनलेल्या चिपमध्येच ती दुरुस्त झाली. फोंड्याला किंवा पणजीला कॉम्प्युटर सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण आवर्जून देतो, कारण लांबी न मोजण्याची ही चूक बँकेच्या सर्व्हरपासून घरच्या राउटरपर्यंत सगळीकडे होत असते, आणि येथे ती फार स्वच्छ दिसते.

कायद्याबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. स्वतःचा गेम लिहिणे, तो स्वतःच्या यंत्रावर चालवणे आणि वाटणे यात काहीच गैर नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला त्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवण्याची आणि त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याच्या चालण्याचे निरीक्षण व चाचणी करण्याची मोकळीक देते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हा गुन्हा मानते. म्हणजे हेतूला महत्त्व आहे. विकत घेतलेल्या गेममध्ये बदल करणारी माणसेही म्हणूनच पूर्ण गेम वाटत नाहीत. मूळ फाइल आणि बदललेली फाइल यांतला फरक तेवढा एका लहान पॅच फाइलमध्ये देतात, आणि ज्याच्याकडे मूळ प्रत आहे तोच तिचा उपयोग करू शकतो. दुसऱ्याचे गेम फुकट उतरवून देणारी दुकाने आणि हा छंद यांचा संबंध जोडला जातो तेव्हा मला वाईट वाटते, पण तो गैरसमज पसरवण्यात छंदातल्या काही मंडळींचाही हात आहे, हेही खरे.

सुरुवात करायला गेम बॉयदेखील लागत नाही. एम्युलेटर म्हणजे त्या यंत्रासारखे वागणारा संगणकावरचा प्रोग्राम; सेमबॉय आणि एमजीबीए हे दोन चांगले आहेत आणि फुकट मिळतात. यंत्राच्या प्रत्येक पत्त्याची माहिती ‘पॅन डॉक्स’ या खुल्या दस्तऐवजात आहे. गोव्यातल्या शाळांत ‘केअर्स’ योजनेखाली कोडिंग शिकलेल्या मुलांनी जीबी स्टुडिओपासून आरंभ करावा, कारण तेथे ठोकळे मांडून गेम बनतो. सी भाषा येणाऱ्यांसाठी जीबीडीके हा साधनसंच आहे, आणि यंत्राशी थेट बोलायचे असेल तर आरजीबीडीएस हा असेंब्लर, म्हणजे असेंब्ली भाषेत एकेक करून लिहिलेल्या आज्ञा प्रोसेसरच्या आकड्यांत बदलणारा प्रोग्राम. माझे मत विचाराल तर जीबी स्टुडिओत एक गेम पूर्ण करून सरळ असेंब्लीकडे वळावे. यंत्र स्वतःच बनवायची हौस असेल तर आर्डुबॉय पाहावा: १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा, ३२ किलोबाइट प्रोग्राम, अडीच किलोबाइट मेमरी, आणि आराखडा सर्वांना खुला.

एम्युलेटरवर बोट नीट धक्क्याला लागली की ती खऱ्या यंत्रावर चालवून पाहावी. त्यासाठी मेमरी कार्ड घेणारे फ्लॅश कार्ट्रिज मिळते. जुने किंवा ढिले एम्युलेटर चुकीच्या वेळी केलेले लिखाणही खपवून घेतात, त्यामुळे तेथे चालणारा गेम खऱ्या गेम बॉयवर तुटका दिसू शकतो. एक खबरदारी मात्र आधीच घ्यावी. सुरुवातीला सगळ्या टाइल निवांतपणे भरता याव्यात म्हणून प्रोग्राम पडदा काही क्षण बंद करतो. हे करण्यापूर्वी पडदा १४४व्या ओळीवर, म्हणजे मोकळ्या वेळात पोहोचला आहे याची वाट पाहिलीच पाहिजे. एम्युलेटरवर घाई केली तर काही बिघडत नाही. खऱ्या यंत्रावर रंगकाम चालू असताना पडदा तोडला तर त्यावर कायमची काळी रेघ उमटण्याचा धोका असतो, आणि मामांच्या बॅगेतून आलेल्या त्या गेम बॉयचा पडदा आता सहजासहजी मिळत नाही.